दार हळू लावा

"घ्या. जावा आता चालत."

एवढं म्हणून मामा चावी फिरवायचे, काढायचे, सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि वरून खिसा थोपटायचे. मग जीपमधून उतरून, मागं न बघता, किंदळाच्या झाडाखालच्या दगडावर जाऊन बसायचे. आमच्याकडं पाठ करून. खिशातून बिडी निघायची, पेटायची, आणि झाडाखालून धुराची रेघ वर जायला लागली की जीपमधली माणसं पाय लांब करायची.

कारवारकडच्या जंगलातल्या गुंदहून तालुक्याच्या जोयड्याला येणाऱ्या जीपचे ते मालक आणि ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणत. ठेंगणे, रुंद, खाकी सदऱ्यातले. त्यांचा राग कानांपासून सुरू होई. आधी कान लाल, मग मान, मग आवाज. तोंडातून पहिला शब्द निघायच्या आत मागच्या सीटवरची माणसं एकमेकांना कोपरं मारायला लागलेली असत.

मोठ्या माणसांचा थयथयाट तुम्हीही पाहिला असेल. पंगतीतून ताडकन उठणारे व्याही, टेबलावर फाइल आपटणारे साहेब, फोन भिंतीवर फेकून मग तोच उचलून चालतोय का बघणारे गृहस्थ. लहान मूल रडून दमतं आणि झोपी जातं. मोठ्या माणसाला ती सोय नसते. थयथयाट झाल्यावर त्याला त्याच लोकांत बसावं लागतं, त्यांनाच घेऊन पुढं जावं लागतं. मामांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं.

राग यायला कारण साधं पुरे. कुणी म्हणावं, "जरा जोरात घ्या की." कुणी दुसऱ्याच्या नव्या गाडीचं कौतुक करावं. पण सगळ्यात खात्रीचं कारण म्हणजे दार. जीपची दारं जुनी होती, बिजागऱ्या सैल होत्या. हळू लावली तरी लागतात, असं मामांचं म्हणणं, पण हाताला सवय लागते. कुणी धाडकन आपटलं की मामा अर्धे बाहेर वळत.

"दार हाय ते! वैऱ्याचं डोस्कं न्हाई!"

राग कन्नडमध्ये सुरू होई, शिव्या कोंकणीत जात आणि रुसवा मराठीत. "इळीरी! एल्लारू इळीरी!" म्हणजे उतरा, सगळे उतरा, असं ते ओरडत. उतरत कुणी नसे. मग कोंकणीचा एक झोत. आणि शेवटी खालच्या पट्टीत, दुखावलेल्या मराठीत, "तुमाला काय, बसाय गाडी पायजे. मानूस जगला काय मेला काय."

गंमत अशी की राग कुठंही आला तरी ते गाडी तिथं थांबवत नसत. दात आवळून चालवत राहत आणि किंदळाच्या झाडापाशी आले की थांबत. त्या दगडाला सगळे रुसायचा दगड म्हणत. जीपमध्ये कुणी आजारी असेल, किंवा परीक्षेला निघालेली मुलं असतील, तर झाडापाशीही थांबत नसत. राग पुढं ढकलत. सगळ्यांना जोयड्याला सोडून, परतीच्या वाटेवर रिकामी जीप झाडाखाली लावून एकटेच रुसून बसत. गुंदच्या शिंप्यानं एकदा मोटरसायकलवरून जाताना त्यांना तसं बसलेलं पाहिलं. थांबून विचारलं, "कुनावर रुसलाय मामा? गाडीत कोन न्हाई."

"सकाळचं हाय," मामा म्हणाले. "ऱ्हायलं व्हतं."

चपलेची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. एकदा रागाच्या भरात त्यांनी पायातली चप्पल काढून स्वतःच्याच जीपच्या चाकावर मारली. ती उसळून रस्त्याखालच्या उतारात गेली. जीपभर माणसं उतरून झुडपांत चप्पल शोधत होती आणि मामा दगडावर पाठ करून बसले होते. चप्पल मिळाली नाही. त्या दिवशी ते एका पायात चप्पल, एक पाय ब्रेकवर उघडा, अशी गाडी चालवत जोयड्याला आले. वाटेत कुणी हसलं नाही. हसू आवरताना माझ्या शेजारच्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

रुसलेल्याला समजावण्याचीही रीत ठरलेली होती. आमच्याकडं लग्नात वरपक्षाचं कुणीतरी रुसतंच. रुसवा काढायला लगेच धावायचं नसतं. लगेच गेलं तर राग हलका ठरतो, रुसणाऱ्याचा अपमान होतो. त्याला थोडं बसू द्यायचं, मग मानाचं माणूस पाठवायचं. जीपनं हीच रीत उचलली होती. पहिली बिडी संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. बिडी संपली की आज्जीनं जायचं.

आज्जी पुढच्या सीटवर बसायची. आठवड्याच्या बाजाराला जोयड्यात कोकम, आंबाडे, थंडीत कंद घेऊन यायची. मामांपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी. ती विनवण्या करत नसे. दगडापाशी जायची, मामांच्या पाठीला पाठ लावून बसायची, कमरेची पानाची चंची सोडायची आणि पान लावायला घ्यायची. अडकित्त्यानं सुपारी कातरायची. मग न वळता हात मागं करून सुपारीचं खांड धरायची.

"घे."

"नगो."

"घे रे. सुपारी चांगली हाय. रुसवा वाईट हाय, तो टाक."

थोड्या वेळानं मागून हात यायचा आणि खांड उचलायचा. जीपमध्ये कुणीतरी हळूच म्हणायचं, "घेतलान." आम्ही पाय जवळ ओढून बसायचो.

रागानंतरचे मामा वेगळे असत. माफ करा हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पण त्या दिवशी ते कुणालाही थांब्यावर सोडत नसत, थेट दारात नेऊन सोडत. जोयड्याच्या बाजारात स्वतः टपावर चढून पोती उतरवत, पाठीवर घेऊन बसायच्या जागेपर्यंत पोचवत. कुणी "असू दे मामा" म्हटलं तर मान खाली घालून म्हणत, "सरका, सरका." त्यांचे कान तेव्हाही लाल असत, पण तो रंग रागाचा नसे.

हे आमच्या लक्षात आलं आणि इथून पुढची गोष्ट बिघडली.

ज्याच्याकडं ओझं जास्त, त्यानं त्या दिवशी मामांना राग आणायचा, असं कधी कुणी ठरवलं नाही. ठरवायची गरज पडली नाही. भाताची पोती असली की एखादा निघताना दार जरा जोरात लावायचा. कुणी नव्या गाडीचा विषय काढायचा. मामा तापायचे, दगडावर बसायचे, बिडी ओढायचे, सुपारी घ्यायचे आणि जोयड्यात पोती आपल्या पाठीवरून न्यायचे. ज्यांच्याकडं ओझं नसे त्यांची फुकट करमणूक होई. मी बहुतेक वेळा ह्या दुसऱ्या गटात असे. वर्तमानपत्राच्या कामानं तालुक्याच्या गावी जायचं, हातात एक पिशवी. मामा मला "पेपरअण्णा" म्हणत. "ह्ये छापू नगासा," असं दर रुसव्यानंतर बजावत. मी छापलं नाही. पण घरी, मित्रांत, जेवताना, मामांची नक्कल मी इतरांपेक्षा चांगली करत असे.

त्या वर्षी थंडी संपत आली होती. आज्जीकडं मुडलीच्या कंदांची पोती होती. मुडली म्हणजे इथला मोठा कंद, हाताएवढा, मातीसकट जड. एकेक पोतं टपावर चढवायला दोन माणसं लागली. आज्जी पुढं बसली आणि तिनं दार आपटलं.

असा आवाज त्या दारातून मी पूर्वी ऐकला नव्हता. मागं खसखस पिकली. आज्जीनंसुद्धा पदर तोंडाला लावला.

मामा काही बोलले नाहीत. गाडी सुरू केली. "वैऱ्याचं डोस्कं" आलं नाही, कन्नड आलं नाही, कोंकणी आली नाही. "आज लई तापलाय," मागून कुणीतरी म्हणालं. झाडापाशी जीप थांबली. त्यांनी चावी काढली, उतरले, दगडाकडं गेले आणि पाठ करून बसले.

नंतर मी हे सगळं पुष्कळदा मनाशी मांडून पाहिलं. त्यांनी "जावा चालत" म्हटलं नव्हतं. चावी खिशात टाकली नव्हती, मुठीतच ठेवली होती. खिसा थोपटला नव्हता. कान लाल नव्हते. चालताना एक हात झाडाला टेकला होता. ह्यातलं काही दिसलं नाही असं नाही. सगळ्यांना सगळं दिसलं. आम्हाला त्या पाठीचा एकच अर्थ ठाऊक होता.

"बिडी न्हाई पेटवली अजून," शिंपी म्हणाला.

"पेटवंल. आज आतनंच धूर निघतोय, बिडी कशाला?"

हे कोण म्हणालं ते सांगायला हरकत नाही. मी म्हणालो. जीप हसली. आज्जी हसली. कुणीतरी चुरमुऱ्यांची पिशवी सोडली आणि ती हातोहात फिरली. बिडी पेटत नव्हती, म्हणून संपत नव्हती, म्हणून आज्जी उतरत नव्हती. रीत तशी होती.

चुरमुरे संपले. हसणंही संपलं. शेवटी आज्जीच कंटाळून म्हणाली, "काढते बाबा ह्येचा रुसवा. बाजार उठंल न्हाईतर."

ती गेली. पाठीला पाठ लावून बसली. चंची सोडली. सुपारी कातरल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. तिनं हात मागं केला.

"घे."

हात आला नाही.

"घे रे. मीच आपटलं दार. चुकलं म्हातारीचं. घे आता."

हात आला नाही. ती वळली, आणि मग तिच्या तोंडून जे ओरडणं निघालं त्यात शब्द नव्हता.

मामा शुद्धीवर होते. सदरा घामानं चिकटला होता. जबडा आवळलेला. छातीवर एक मूठ, दुसऱ्या मुठीत चावी. ती मूठ उघडायला शिंप्याला दोन्ही हात लागले. गाडी त्याला थोडीफार येत होती, त्यानं चालवली. आम्ही मामांना उचलून मधल्या सीटवर निजवलं. डोकं आज्जीच्या मांडीवर. शिंप्यानं घाईघाईनं गाडी सुरू केली तेव्हा मामांनी ओठ हलवले. आज्जी वाकली.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"दार," आज्जी म्हणाली. "हळू लावा म्हणतोय."

तिनं दार ओढून घेतलं, आवाज न करता. ते लागलं नाही. पुन्हा ओढायची तिची हिंमत झाली नसावी. जोयडा येईपर्यंत, त्या सगळ्या वळणांवर, आज्जीनं एका हातानं दार धरून ठेवलं होतं. दुसरा हात मामांच्या कपाळावर.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखायला केव्हा लागलं?"

कोण, काय, कुठं, केव्हा. ह्या प्रश्नांवर मी आयुष्य काढलं आहे. दुसरे उत्तर देताना चाचरले तर मला राग येतो. डॉक्टर माझ्याकडं बघत होते, कारण माझे कपडे बरे होते. मी म्हणालो, "आत्ताच."

"न्हाई," आज्जी म्हणाली. ती दाराशी उभी होती. "आत्ता न्हाई. बराच येळ झाला. त्यो तिकडं बसला व्हता आनि आमी गाडीत बसून हासत व्हतो."

मामांना मोठ्या दवाखान्यात हलवलं. ते वाचले. थोडं आधी आणलं असतं तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं, असं तिथं सांगण्यात आलं. ते जीपमधल्या सगळ्यांपर्यंत पोचलं.

घरी आल्यावर त्यांना तीन गोष्टी बंद झाल्या. गाडी, बिडी आणि राग. पहिल्या दोन गोष्टी मामी बघणार होती. तिसरी त्यांनी स्वतःच बंद केली.

आम्ही भेटायला जायचो. पडवीत खाटेवर बसलेले असत, गुडघ्यावर चादर. माणसं काही ना काही घेऊन यायची, आणि मला हळूहळू कळलं की ती भेटायला येत नव्हती. शिव्या खायला येत होती. मामांनी एकदा कान लाल करून, तीन भाषांत, सगळ्यांचा उद्धार करावा, चपला फेकाव्यात, म्हणजे उठून घरी जाता येईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. मामा कुणाला काही बोलत नव्हते. "बसा," म्हणायचे. "च्या घ्या."

मामीनं मला मागीलदारी सांगितलं, "आमटीत मुद्दाम मीठ जास्त घातलं म्या. गप खाल्ली. आदी असतं तर ताट अंगनात गेलं असतं. मला भ्या वाटतंय, अण्णा."

शिंप्यानं नवा सदरा शिवून आणला आणि खिसा मुद्दाम उजवीकडं लावला. असल्या चुकीवर मामांनी पूर्वी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी सदरा घातला, खिशावरून हात फिरवला.

"असू दे. चावीच न्हाई, तर खिसा कुटं बी चालतोय."

शिंपी अंगणात जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत आला.

आज्जी सगळ्यात शेवटी आली. मी तेव्हा तिथं होतो. ती पडवीच्या पायरीवर बसली, चंची सोडली नाही.

"त्या दिशी दार म्या आपटलं," ती म्हणाली. "मुद्दाम. पोती जड व्हती म्हणून."

"ठावं हाय," मामा म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"तुमी लोकं मुद्दाम आपटता त्ये. लई वर्सं ठावं हाय मला, आज्जे."

आज्जीनं मान वर केली. "मग रागवायचास कशापाय?"

"राग खराच यायचा. आनि पोती बी खरीच जड असायची."

मग आज्जीनं हात जोडले. मी तिला देवळातही असे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"एक शिवी तरी घाल रे मला. एकच. म्हातारी झोपंल तरी."

मामा हसले. कान पांढरेच राहिले.

"डाक्टरान नगो म्हटलंय," ते म्हणाले. "तुज्यापाय मरू काय? जा, घरला जा. उन्हं चढली."

भातं कापून झाली आणि मामा गेले. झोपेत, काही आवाज न करता. मामी सकाळी चहा घेऊन गेली तेव्हा कळलं. त्यांच्या जीपची बातमी, चपलेची बातमी, एकही बातमी मी कधी छापली नव्हती. आता निधनाची चार ओळींची छापली. त्यात लिहिलं, मनमिळाऊ स्वभावाचे होते. असंच लिहितात.

जीप मामीनं दांडेलीकडच्या एका माणसाला चालवायला दिली. तिशीतला, शांत. हॉर्नसुद्धा जपून वाजवतो. तुम्ही कधी त्या जीपमधून आलात तर तुम्हाला चमत्कारिक वाटेल. कुणी जोरात घ्या म्हणत नाही. दुसऱ्या गाडीचा विषय निघत नाही. किंदळाचं झाड आलं की बोलणं चाललं असेल तर थांबतं आणि वळण गेल्यावर पुन्हा सुरू होतं. त्या नव्या माणसाला वाटतं, ह्या बाजूची माणसं मुळात अबोल.

परवा त्यानं झाडापाशी गाडी थांबवली. काही न बोलता चावी काढली, उतरला आणि झाडाच्या दिशेनं चालायला लागला.

आज्जी पहिली उतरली. तिच्या वयाला ती कशी उतरली मला सांगता येणार नाही. मागून शिंपी, मी, मांडीवरची पिशवी तशीच रस्त्यावर टाकून एक बाई, सगळी जीप. आम्ही धावत होतो. आज्जीनं त्याचा दंड धरला.

"छातीत दुकतंय काय रे? बोल, दुकतंय काय?"

तो माणूस घाबरून आमच्याकडं बघत राहिला. शिंप्याच्या हातात पाण्याची बाटली होती, टोपण काढलेली.

"न्हाई वो आज्जी," तो म्हणाला. "लघवीला आलोय मी."

कुणी हसलं नाही. आम्ही परत फिरलो. आपापल्या जागी बसलो आणि दारं लावून घेतली, एकेक करून, हळू. तो आला, चावी लावली, मग वळून मागं बघितलं आणि पुन्हा खाली उतरला. एकही दार लागलेलं नव्हतं. तो जीपला फेरी घालत एकेक दार उघडून आपटून लावत गेला. प्रत्येक आवाजाला आज्जी डोळे मिटत होती.